स्वयंचलित फाइल-रवानगी

डेस्कटॉप संगणकावरील आज्ञावलीने आपल्या कामातून निर्माण झालेली फाइल, वापरणाऱ्याच्या नव्या हुकुमाची वाट न पाहता, नेमल्या वेळी दूरच्या सर्व्हरकडे रवाना करावी आणि ती अखंड पोचल्याची खातरजमाही आपणच करावी, अशी व्यवस्था.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावात या व्यवस्थेचे मोल दूध संकलन केंद्रावर प्रत्यक्ष दिसते. सकाळ-संध्याकाळ उत्पादक कॅन घेऊन येतात, काट्यावरचे माप आणि तपासणी-यंत्रावरचे फॅट व एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घन घटक) संगणकात उतरते, आणि दरपत्रकाबरहुकूम रक्कम ठरून पावती हाती पडते. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट व 8.5 एसएनएफ हे प्रमाण धरून बांधलेला असल्याने दशांशचिन्हापुढचा एक अंक चुकला तरी तो उत्पादकाच्या बिलात उमटतो. 2024 मध्ये राज्य शासनाने गाईच्या दुधास लिटरमागे 5 रुपये अनुदान दिले, तेव्हा जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक व आधारशी जोडलेले बँकखाते यांची माहितीही दुधाच्या आकड्यांबरोबर वर जाणे अगत्याचे झाले. ही माहिती पेन ड्राइव्हवर घालून हस्ते पाठवण्यात विलंब आणि गहाळ होण्याची भीती, ही दोन्ही असतात.

फाइल पाठवण्याच्या एफटीपी या संकेताचा पहिला मसुदा आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी एप्रिल 1971 मध्ये लिहिला. त्याचे दीर्घकाळ प्रमाण राहिलेले रूप ऑक्टोबर 1985 चे. मूळ एफटीपीत पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो, आणि आज्ञांसाठी एक व मजकुरासाठी दुसरी अशा दोन जोडण्या लागत असल्याने फायरवॉलशी त्याचा वारंवार खटका उडतो. तातू युलोनेन यांनी 1995 मध्ये रचलेल्या एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या संकेताच्या आधारावर पुढे आलेला एसएफटीपी सारा व्यवहार गुप्त ठेवून सामान्यतः 22 क्रमांकाच्या एकाच पोर्टवरून करतो. नव्या आज्ञावलीत तोच घ्यावा, आणि लिबकर्लसारखी तयार प्रोग्रॅम-लायब्ररी उपलब्ध असताना संकेताची रचना नव्याने लिहीत बसू नये, असे निःसंकोच म्हणता येते.

पाठवणे सोपे असते. अर्धवट पोचलेली फाइल पूर्ण म्हणून स्वीकारली जाऊ नये, ही खरी कसोटी होय. शंभर उत्पादकांच्या नोंदींपैकी साठ गेल्या असताना वीज गेली आणि पलीकडच्या आज्ञावलीने ती फाइल तशीच उचलली, तर उरलेल्या चाळीस घरांचे दूध त्या दप्तरी नाहीसे होते. म्हणून फाइल प्रथम तात्पुरत्या नावाने चढवावी, आकारमान व शक्य तेथे तपासणी-अंक ताडून पाहावा, आणि मगच तिचे नाव बदलून तिला अंतिम रूप द्यावे. मूळ प्रत, टपाल कचेरीतील जावक पेटीप्रमाणे, एका वेगळ्या फोल्डरात पोच मिळेपर्यंत जपावी. जोडणी तुटल्यास थोड्या, मग वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न करावा. केंद्राचा संकेतांक, दिनांक आणि सकाळ-संध्याकाळची पाळी फाइलच्या नावातच गुंफल्यास तीच फाइल दोनदा गेली तरी सर्व्हरला ती ओळखता येते व रक्कम दुप्पट धरली जात नाही.

हे सर्व काम पडद्यामागच्या स्वतंत्र धाग्यावर (थ्रेडवर) चालले पाहिजे, अन्यथा रांगेत माणसे उभी असताना पडदा गोठून मापाचे काम खोळंबते. पासवर्ड आज्ञावलीच्या मजकुरात कोरू नये. प्रत्येक केंद्रास निराळी किल्ली द्यावी आणि सर्व्हरची ओळख पहिल्याच जोडणीत पडताळावी. उत्पादकांची नावे जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत साठवलेली असतील तर ती पलीकडे निरर्थक चिन्हे होऊन उतरतात, यास्तव रवानगीपूर्वी ती यूटीएफ-8 मध्ये आणणे अपरिहार्य ठरते. केंद्रचालकाच्या पडद्यावर शेवटच्या यशस्वी रवानगीची वेळ आणि जावकात अडकलेल्या फाइलींची संख्या सदैव, आणि मराठीत, दिसावी.