गळालेला केस आधी नीट पाहा

मोरीच्या जाळीवर केसांचं गुंतवळ दिसलं की घरोघरी ठरलेली कारणं निघतात. पाणी जड आहे, शाम्पू बदलला, कुणाची तरी नजर लागली. तेलाच्या दोन-तीन बाटल्या येतात, पण गळालेला केस हातात घेऊन पाहण्याची तसदी कुणी घेत नाही. बरंचसं उत्तर त्या केसाच्या टोकालाच असतं.

आधी आकडा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले रोज 50 ते 100 गळणं नेहमीचंच आहे. आठवड्यातून दोनदा डोकं धुणाऱ्या बाईला त्या दिवशी जास्त केस दिसतात, कारण मधल्या दिवसांत सुटलेले केसही तेव्हाच निघतात. दिवसभर स्कार्फ बांधणाऱ्या मुलींचंही तसंच. सुटलेले केस आत अडकून राहतात आणि रात्री एकदम हातात येतात.

आता केस गडद ओढणीवर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल. तो पाहून ‘मूळच उपटून आलं’ म्हणत अनेकी घाबरतात. तसं नाही. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. विश्रांतीतल्या केसाच्या टोकाला तो पांढरा गोळा तयार होतो. ज्या पिशवीतून केस उगवतो ती कातडीतच राहते आणि तिथूनच नवा केस येतो.

पण असे ठिपक्याचे केस मुठीमुठीने जायला लागले, तर कॅलेंडर दोन-तीन महिने मागे उलटा. डेंग्यू, टायफॉइड किंवा कोरोनाचा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार, घरातला एखादा सदमा, यातलं काहीतरी बहुधा सापडतं. अशा धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि पुढे एकत्र गळतात. तोवर ताप विसरलेला असतो, म्हणून दोष शाम्पूला मिळतो. बाळंतिणीचं तर हे नेहमीचं. गरोदरपणात गळायचे थांबलेले केस नंतर एकदम जातात. ‘दूध पाजतेस म्हणून केस गेले’ असं सांगून घरातल्याच बायका तिला दूध तोडायला लावतात, हे आम्हाला सर्वांत जास्त खटकतं. बाळाचं दूध तोडू नका. मूल वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे केस भरून येतात.

गळती सहा महिन्यांपुढे गेली, सोबत थकवा असेल किंवा पाळीत रक्त फार जात असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. त्यांच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

ठिपकाच नाही, केस आखूड आणि टोक फाटलेलं? मग तो गळाला नाही, तुटला. स्ट्रेटनिंग, गरम मशीन, ओले केस ओढून विंचरणं ही त्याची कारणं. ‘हिजाबामुळे टक्कल पडतं’ असंही मुलींना ऐकवलं जातं. कापडाने केस जात नाहीत. मात्र स्कार्फखाली रोज घट्ट ओढून अंबाडा बांधला, तर कपाळाकडची आणि कानशिलांवरची रेषा मागे सरकते, आणि वर्षानुवर्षं ताण राहिला तर तिथे केस परत येत नाहीत. केस वाळू द्या, सैल वेणी घाला, मग स्कार्फ बांधा.

गळणाऱ्यांत बारीक, तलम केस वाढले आणि भांग रुंद दिसू लागला, तर ते बहुधा आनुवंशिक असतं. त्वचारोगतज्ज्ञांकडे लवकर गेलेलं बरं. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओडीचीही तपासणी व्हावी.

लहान मुलांचं वेगळं. वर्गात टोपी काढायला लाजणारं मूल आम्ही पाहिलेलं आहे. डोक्यावर खवले, खाज, आणि कातडीलगत तुटलेल्या केसांचे काळे ठिपके दिसले तर ते गजकर्ण असू शकतं. ते नुसत्या मलमाने किंवा तेलाने जात नाही, कित्येक आठवडे पोटातून औषध घ्यावं लागतं. तोवर त्याचा कंगवा, टॉवेल, टोपी वेगळी ठेवा. मशिदीच्या दाराशी ठेवलेली सामायिक टोपीही नको. चाई मात्र लागट नाही: गोल, गुळगुळीत चट्टा पडतो आणि कडेचे केस बुडाशी बारीक होत गेलेले दिसतात.

आणि एकाच गावात अनेकांचे केस एकदम गेले तर? बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये तसंच झालं. काही दिवसांत लोकांना टक्कल पडलं. सुरुवातीला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार जास्त असल्याचं सांगत रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. असं काही दिसलं तर गुंतवळ फेकू नका. कागदाच्या पुडीत ठेवा, घरातल्या धान्याचा मूठभर नमुना सोबत घ्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा.