विल्यम्स, गाय

विल्यम्स, गाय : (१४ जानेवारी १९२४ – १९८९). अमेरिकन चित्रपट व दूरचित्रवाणी अभिनेते. ‘झोरो’ (१९५७–५९) या मालिकेतील काळ्या मुखवट्याचा तलवारबाज आणि ‘लॉस्ट इन स्पेस’ (१९६५–६८) मधील प्रोफेसर जॉन रॉबिन्सन या भूमिकांसाठी प्रसिद्ध. मूळ नाव आर्मांडो जोसेफ कॅटालानो. जन्म न्यूयॉर्क शहरात, सिसिलीहून आलेल्या कुटुंबात. शिक्षण पीकस्किल मिलिटरी अकॅडमीत झाले. तलवारबाजीचे पहिले धडे वडिलांनी दिले. उंचापुरा बांधा व देखणेपणा यांमुळे तरुणपणी जाहिराती आणि नियतकालिकांसाठी मॉडेल म्हणून काम मिळू लागले. इटालियन नावामुळे ठरावीक साच्याच्या भूमिका वाट्याला येतील, म्हणून त्यांनी गाय विल्यम्स हे नाव घेतले. पुढे कीर्ती मिळाली ती मात्र एका स्पॅनिश जमीनदारपुत्राच्या वेषात. १९४८ मध्ये जॅनिस कूपर या मॉडेलशी विवाह. एक मुलगा व एक मुलगी.

१९५२ मध्ये युनिव्हर्सल कंपनीशी करार झाला, पण त्यातून किरकोळ भूमिकांपलीकडे फारसे काही निघाले नाही. ‘आय वॉज अ टीनेज वेअरवुल्फ’ (१९५७) या भयपटात ते एका पोलीस शिपायाच्या भूमिकेत दिसतात. त्याच वर्षी वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने त्यांची ‘झोरो’साठी निवड केली. तलवार चालवता येणे ही या निवडीतली मोठी जमेची बाजू होती.

जॉन्स्टन मॅकली यांनी १९१९ मध्ये कथेतून निर्माण केलेला झोरो त्याआधी डग्लस फेअरबँक्स (१९२०) आणि टायरोन पॉवर (१९४०) यांनी पडद्यावर गाजवला होता. दोघांचाही डॉन डिएगो, म्हणजे झोरोच्या मुखवट्यामागचा जमीनदारपुत्र, नखरेल आणि आळशी. विल्यम्स यांचा डिएगो पुस्तकांत रमणारा, गिटार वाजवणारा, भांडणापासून दूर राहणारा सभ्य तरुण आहे. या बदलाचे श्रेय लेखनालाही आहे. परंतु तो पेलला विल्यम्स यांच्या संयमाने. मुलाच्या भित्रेपणाने वडील खंतावतात त्या प्रसंगांत ते नजर किंचित खाली घेतात, एवढेच. आणि तेवढ्याने काम होते. तलवारबाजीचे प्रशिक्षण फ्रेड कॅव्हन्स यांच्याकडे होते. पॉवर यांच्या झोरोपटातील द्वंद्वेही त्यांनीच बसवली होती. बऱ्याच लढती विल्यम्स स्वतः करत. घोड्यावरची अवघड कामे बडी व्हॅन हॉर्न हे साहसदृश्यकार सांभाळत. हेन्री कॅल्व्हिन यांचा लठ्ठ, भोळा सार्जंट गार्सिया आणि जीन शेल्डन यांचा मुका (आणि बहिरेपणाचे सोंग घेणारा) नोकर बर्नार्डो यांनी मालिकेला विनोदाची जोड दिली. १० ऑक्टोबर १९५७ पासून एबीसी वाहिनीवर अर्ध्या तासाचे ७८ भाग दाखवले गेले. लोकप्रियता असतानाही डिस्ने आणि एबीसी यांच्या वादात मालिका थांबली. नंतर तासाभराचे चार भाग तेवढे निघाले.

‘झोरो’ संपल्यावर त्यांनी युरोपात ‘डेमन अँड पिथियस’ (१९६२) व ‘कॅप्टन सिंदबाद’ (१९६३) हे चित्रपट केले. १९६४ मध्ये ‘बोनान्झा’ मालिकेत विल कार्टराइट म्हणून ते पाच भागांत आले. तिथले मुख्य अभिनेते पर्नेल रॉबर्ट्स जाणार आणि विल्यम्स त्यांची जागा घेणार, असा बेत होता. रॉबर्ट्स करार संपेपर्यंत थांबले आणि तो बारगळला.

अर्विन ॲलन यांच्या ‘लॉस्ट इन स्पेस’मध्ये त्यांना अंतराळात भरकटलेल्या कुटुंबाचा प्रमुख करण्यात आले. मालिकेच्या पहिल्या चाचणीभागात डॉ. स्मिथ आणि यंत्रमानव ही पात्रे नव्हतीच. साहसाचा भार रॉबिन्सनवर होता. पुढे जोनाथन हॅरिस यांचा लबाड स्मिथ, बिली मुमी यांचा लहानगा विल आणि यंत्रमानव यांच्या त्रिकुटाने मालिका व्यापली. विल्यम्स यांच्याकडे उरले उपदेश आणि काळजीचे चेहरे. हुशार नटाचा असा अपव्यय त्या काळच्या दूरचित्रवाणीतही क्वचितच झाला असेल. ८३ भागांनंतर १९६८ मध्ये मालिका बंद झाली आणि हॉलिवुडमधील त्यांची अभिनयाची कारकीर्दही जवळपास तिथेच थांबली.

१९७३ मध्ये ते अर्जेंटिनात गेले. तिथे स्पॅनिशमध्ये ध्वनिमुद्रित केलेला ‘झोरो’ घराघरांत पोहोचला होता, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पुढे अनेकदा तिथे जात ते ब्यूनस आयर्समध्ये स्थायिकच झाले. फर्नांडो लुपिझ या अर्जेंटिनी तलवारपटूबरोबर त्यांनी सर्कशीतही द्वंद्वाचे खेळ केले. तिथेच नवा झोरोपट काढण्याची त्यांची योजना मात्र फळाला आली नाही. ६ मे १९८९ रोजी रेकोलेता भागातील घरात ते मृतावस्थेत आढळले. मृत्यू काही दिवस आधीच, मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याने झाला होता. हॉलिवुडच्या ‘वॉक ऑफ फेम’वर त्यांच्या नावाचा तारा २००१ मध्ये बसवण्यात आला, तर ‘डिस्ने लेजंड’ हा सन्मान २०११ मध्ये देण्यात आला.