सेकंदाला चाळीस वेळा

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या आईवडिलांच्या मनात एक प्रश्न कायम असतो: याची समज, याची स्मरणशक्ती वाढवणारं काही कधी निघेल का? अलीकडे या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर सुचवलं जात आहे. ते गोळीचं नाही, प्रकाशाचं आहे. त्याच्याकडे वळण्याआधी थोडं मागे जाऊ या.

१८६६ मध्ये जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी या मुलांमधली साम्यं प्रथम नीट टिपली. निरीक्षण चांगलं होतं, अनुमान मात्र साफ चुकलं. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनी या मुलांचं नातं मंगोल वंशाशी जोडलं, आणि ते अपमानकारक नाव जवळजवळ शंभर वर्षं चिकटून राहिलं. खरं कारण १९५९ मध्ये पॅरिसला उलगडलं. मार्थ गोतिए, झेरोम लज्यून आणि रेमाँ त्युरपँ यांच्या निबंधाने दाखवून दिलं, की या मुलांच्या पेशींत एक गुणसूत्र जास्तीचं असतं. २१ व्या जोडीत दोनाऐवजी तीन.

कारण कळलं, पण उपाय सापडला नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत रूथ हॅरेल यांनी जाहीर केलं, की जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेने बौद्धिकदृष्ट्या मागे पडलेल्या मुलांचा बुद्ध्यंक वाढतो. त्यात डाउन सिंड्रोमची मुलंही होती. साहजिकच आशा पालवली. इतरांनी तोच प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला, तेव्हा काहीच फरक दिसला नाही.

दरम्यान एक खरा बदल घडत होता. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत या व्यक्तींचं आयुष्य जेमतेम पंचवीस वर्षांचं असे. आज ते साठीपर्यंत पोहोचलं आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, मुलं संस्थांऐवजी घरात वाढू लागली. पण वाढत्या वयाबरोबर अल्झायमरही आला. त्या आजारात मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचं जनुक नेमकं २१ व्या गुणसूत्रावरच आहे!

प्रकाशाची गोष्ट इथेच जोडली जाते. आपण लक्ष देतो, काही आठवतो, तेव्हा मेंदूतल्या पेशी एका तालात काम करतात. त्यातला एक ताल साधारण सेकंदाला चाळीस ठोक्यांचा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या 'एमआयटी'त ली-ह्वे त्साय आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांसमोर त्याच वेगाने दिवा लुकलुकवला आणि अमायलॉइड घटल्याचं नोंदवलं. २०२५ मध्ये याच प्रयोगशाळेने डाउन सिंड्रोमसाठी वापरल्या जाणाऱ्या उंदरांना रोज तासभर, तीन आठवडे, त्याच तालाचा प्रकाश आणि आवाज दिला. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत ते उंदीर सरस ठरले. त्यांच्या मेंदूत नव्या पेशी तयार होण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं.

बातमी उत्साहाची आहे, यात शंका नाही. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि ते उंदीर माणसाच्या २१ व्या गुणसूत्राची हुबेहूब नक्कलही नाहीत. शिवाय २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांना अल्झायमरच्या उंदरांवर असाच प्रकाश टाकून अमायलॉइड घटल्याचं आढळलं नव्हतं. माणसांवरचा अभ्यास अजून सुरुवातीच्या पायरीवर आहे.

म्हणून बाजारातला लुकलुकता दिवा आणून घरी प्रयोग करू नये. अशा प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते, आणि डाउन सिंड्रोम असलेल्यांत फिट्सचं प्रमाण मुळातच जास्त असतं. जीवनसत्त्वांच्या गोष्टीने एक धडा दिला आहे: पहिल्या निकालाने आशा धरावी, विश्वास मात्र दुसऱ्या-तिसऱ्या निकालानंतरच ठेवावा. तोवर वेळेवर तपासलेले कान आणि डोळे, लहानपणीच सुरू केलेली भाषेची शिकवण, शाळेतली जागा आणि घरातली माया, या गोष्टी आपल्या हातात आहेत. दिव्याचा निकाल लागेपर्यंत त्या थांबवून ठेवायचं कारण नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)