फुकट नावाची किंमत

गेल्या पावसाळ्यात आमचे एक जुने सहकारी युनियनच्या कचेरीत आले. वय सत्तरीच्या पुढचे, उभी हयात सूतगिरणीच्या साच्यावर गेलेली. हातातल्या पिशवीत १९८२ च्या संपातील हस्तपत्रके, पगाराच्या चिठ्ठ्या आणि काही फोटो होते. नातवाच्या मदतीने हे सारे त्यांनी संगणकावर चढवले होते आणि आता त्याचे स्वतःचे संकेतस्थळ काढावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणाले, "भाऊ, नाव फुकट मिळते असे नातू सांगतो. फुकट देणारे पुष्कळ आहेत. त्यांतले कोणाचे घेऊ?"

आम्ही शाळा लवकर सोडली. जे शिकलो ते वाचनालयात आणि गेटमीटिंगांत. त्यामुळे प्रश्न आला की त्याचा इतिहास शोधायचा, ही आमची जुनी खोड. तो इतिहास आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे नाव म्हणजे काय ते पाहू. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला एक आकडा असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आकड्याला नाव देतात आणि कोणते नाव कोणत्या आकड्याचे, याची एक वही ठेवतात. गिरणीकामगाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ही वही म्हणजे मस्टर होय. आरंभी साऱ्या जगाचे मस्टर एकच होते. अमेरिकेत मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर ह्यांच्या देखरेखीखाली ती यादी ठेवली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरून घेत. यंत्रे वाढली तशी यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस ह्यांनी जॉन पोस्टेल ह्यांच्या सहकार्याने नवी व्यवस्था आखली. एका मस्टरऐवजी खातेवार मस्टरे झाली आणि प्रत्येक खात्याने आपापले सांभाळावे असे ठरले. नावाच्या शेवटी येणारे कॉम, ऑर्ग, किंवा आपले इन, ही त्या खात्यांची नावे आहेत. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स हे कॉम खात्यातले पहिले नाव नोंदले गेले.

त्या काळी नाव फुकटच मिळे. परंतु फुकट म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. खर्च अमेरिकन सरकार सोशीत होते, म्हणजेच तेथील करदाता सोशीत होता. पुढे हे काम नेटवर्क सोल्यूशन्स ह्या कंपनीकडे गेले आणि सप्टेंबर १९९५ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी शंभर डॉलर अशी फी सुरू झाली. १९९८ साली देखरेखीसाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. २००० साली व्हेरिसाइन कंपनीने नेटवर्क सोल्यूशन्स सुमारे एकवीस अब्ज डॉलरच्या समभागांच्या बदल्यात विकत घेतली. पंधरा वर्षांपूर्वी जी नोंद फुकट होत होती, तिच्या मस्टरला एवढा भाव आला!

फी आली तसे फुकट देणारेही पुढे आले. त्यांत दोन पंथ दिसतात.

पहिला पंथ व्यापाऱ्यांचा. न्यूझीलंडच्या अमलाखालील टोकेलाऊ हे प्रशांत महासागरातील तीन प्रवाळबेटांचे चिमुकले राष्ट्र. त्याच्या वाट्याला टीके हे खाते आलेले. योस्ट झुरबिअर ह्या डच गृहस्थांच्या कंपनीने ते चालवायला घेतले आणि नावे फुकट वाटली. एके काळी कोणत्याही देशाच्या खात्यात नव्हती इतकी नावे ह्या बेटांच्या खात्यात होती! फ्रीनॉम ह्या नावाने ओळखल्या गेलेल्या ह्या व्यवसायात पुढे माली, गॅबॉन, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि विषुववृत्तीय गिनी ह्या देशांची खातीही आली. मग धंदा चाले कशावर? मेख अशी की, फुकटच्या नावाचा कायदेशीर धारक कंपनी स्वतःच राही आणि घेणारा नुसता वापरणारा ठरे. मुदत संपलेल्या किंवा काढून घेतलेल्या नावावर जे वाचक येत, त्यांना जाहिराती दाखवून पैसा मिळे.

दुसरा पंथ स्वयंसेवकांचा. ईयू-ऑर्ग ही संस्था १९९६ पासून आपल्या नावाखाली पोटनावे फुकट देत आली आहे. तिचा युरोपीय संघाशी संबंध नाही. येथे जाहिरातीचा व्यापार नाही, पण अर्ज तपासणारी माणसे थोडी, म्हणून अर्जदाराला थांबावे लागते.

पहिल्या पंथाचे पुढे काय झाले? फुकट नावे फसवणूक करणाऱ्यांनाही सोयीची पडली. तक्रारींकडे दुर्लक्ष केल्याचा आरोप ठेवून मेटा कंपनीने फ्रीनॉमवर कॅलिफोर्नियात दावा लावला. तो मार्च २०२३ मध्ये उघड झाला, आणि त्याच सुमारास नव्या नोंदी बंद पडल्या. जून २०२३ मध्ये गॅबॉनने आपले खाते परत घेतले आणि लाखो नावे पुसली गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रीनॉमने नावांचा धंदा सोडत असल्याचे जाहीर केले. पुसलेल्या नावांत लबाड होते, तसे विद्यार्थी आणि हौशी लेखकही असणारच. त्यांनी दाद कोणाकडे मागावी? मस्टरवर त्यांचे नाव कधी चढलेच नव्हते.

बदली कामगाराची स्थिती आपण जाणता. काम तेच, साचा तोच, घामही तेवढाच. पण कायम मस्टरवर नाव नाही, म्हणून सकाळी गेटवरून परत पाठवले तर बोलायची सोय नाही. फुकट नाव घेणारा हा जाळ्यावरचा बदली कामगार आहे.

तेव्हा फुकटाचा सरसकट धिक्कार करावा काय? नाही. शिकायला, हात बसवायला पोटनाव उत्तम. मात्र निवडताना चार गोष्टी विचाराव्यात. नोंदवहीत धारक म्हणून कोणाचे नाव लागते? देणाऱ्याचा खर्च कोठून निघतो? पाने दुसऱ्या यंत्रावर हलवली तर तेच नाव तिकडे वळवता येते काय? आणि नाव काढून घ्यायचे झाल्यास आगाऊ सूचना देण्याचा लेखी नियम आहे काय? ह्या चारांची उत्तरे ज्याच्याकडे चोख, तो फुकट असो वा विकत, तोच निवडावा.

आमच्या सहकाऱ्यांना आम्ही हेच सांगितले. म्हटले, "तात्या, तुमच्या पिशवीतले कागद चाळीस वर्षे टिकले. त्यांच्या दारावरची पाटी एका रात्रीत दुसऱ्याने उतरवावी, हे आम्हाला पटत नाही." इन खात्यातले नाव वर्षाला काही शे रुपयांत मिळते. चौघांनी वर्गणी काढली. पावती आणि नोंद दोन्ही तात्यांच्या नावावर केली, आणि नूतनीकरणाची तारीख कचेरीच्या भिंतीवरील कॅलेंडरावर लाल शाईने लिहून ठेवली. सगळ्या कागदांची एक प्रत युनियनच्या कपाटातही ठेवली आहे, कारण विकतचे नावही पैसे भरायचे विसरल्यास जातेच.

तात्या जाताना म्हणाले, "भाऊ, आयुष्यात पहिल्यांदा कायम झालो."