सातवीचा निकाल नेमका कोणाचा?

घाटकोपर म्हणजे मुंबई महापालिकेचा एन विभाग. रेल्वेच्या एका अंगाला पंतनगर आणि रमाबाई आंबेडकर नगर, दुसऱ्या अंगाला भटवाडी, चिरागनगर. इथल्या एखाद्या शाळेतल्या सातवीच्या वर्गात डोकावले तर घाटावरची मराठी, कोकणातली मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ अशा अनेक बोली घरून घेऊन आलेली मुले एकाच बाकावर दिसतात. प्रश्नपत्रिका मात्र सर्वांना एकच. मग निकाल लागतो, टक्केवारी निघते आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत शिक्षकाला विचारले जाते, "यंदा आकडा घसरला कसा?"

या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्याकडे पाहिले म्हणजे लक्षात येते की परीक्षा तीच असली तरी तिच्याकडून निरनिराळ्या काळी निरनिराळी कामे करून घेतली गेली.

सुरुवात पैशापासून झाली. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने सुधारित संहिता लागू झाली. शाळेला मिळणारे अनुदान मुलामागे मोजायचे: चार शिलिंग हजेरीचे आणि आठ शिलिंग वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांचे. मूल एका विषयात नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. थोड्याच वर्षांत, सर अलेक्झांडर ग्रँट मुंबई इलाख्याचे शिक्षणसंचालक असताना, निकाल पाहून अनुदान देण्याची ही पद्धत आपल्याकडेही आली. १८८२ च्या हंटर आयोगाने अनुदानित प्राथमिक शाळांसाठी तिची शिफारस केली.

परिणाम काय झाला असेल, हे शिक्षकांना सांगायला नकोच! तपासणीला येणारा अधिकारी, म्हणजे गावोगावचा 'दिपोटी', जे विचारील तेवढेच शिकवायचे. वाचनाचे पुस्तक मुलांकडून इतके घोकून घ्यायचे की पाने मिटली तरी वाचन चालूच राहावे. इंग्लंडमध्ये स्वतः शाळा-तपासनीस असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी १८६० च्या दशकातच आपल्या अहवालांतून तक्रार केली होती की या पद्धतीने शिकवणे यांत्रिक झाले आहे. म्हणजे निकाल वाढत होता, पण निकाल ज्याचे माप असायला हवे ते शिकणे तेवढे वाढत नव्हते. इंग्लंडने १८९० च्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत काढली. आपल्याकडे कर्झन सरकारच्या १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने परीक्षांना आलेल्या अवास्तव महत्त्वावर टीका करून ती बाजूला सारली. थर्मामीटर काखेऐवजी चहाच्या कपात बुडवला तर पारा चढतोच. मात्र त्यावरून रोग्याला ताप आहे की नाही हे कळत नाही.

दुसरे काम नोकरीचे. जुन्या पिढीतली माणसे 'फायनल' म्हणत ती व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवीची परीक्षा. ज्यांना परवडत असे त्यांची मुले मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिलीत जात. ज्यांना परवडत नसे, किंवा ज्यांच्या गावाजवळ इंग्रजी शाळाच नसे, ती मुले मराठी सातवीपर्यंत शिकून फायनलला बसत. पास झालेला मुलगा तलाठी होऊ शके, प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शके. कित्येक घरांत शिक्षणाचा पहिला कागद हाच. या परीक्षेला नावे ठेवताना हे विसरता कामा नये. जातीने आणि वशिल्याने चालणाऱ्या जगात गुणपत्रिका हे गरिबाच्या हातातले एक हत्यारही होते.

पण निकालाच्या टक्केवारीत फक्त परीक्षेला बसलेली मुले मोजली जातात. जे मूल मध्येच गळले त्याचा आकडा कुठेच नसतो. चिरागनगरच्या वस्तीत अनेक वर्षे राहून लिहिणारे अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले, असे सांगितले जाते. कोणत्याही शाळेच्या निकालात ते नाहीत. त्यांचे साहित्य मात्र आज अभ्यासक्रमांत आहे. कच्च्या मुलांना परीक्षेलाच बसू दिले नाही तर शाळेचा निकाल आपोआप सुधारतो, ही युक्ती निकालावर पैसे मिळण्याच्या काळापासून चालत आली आहे. म्हणून कोणतीही टक्केवारी वाचताना छेदात कोण आहे हे आधी पाहावे.

तिसरे काम मूल 'मोजण्याचे'. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली आपली चाचणी तयार केली ती कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. पुढे अमेरिकेत तिची स्टॅनफर्ड आवृत्ती झाली, आणि १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कर्नाटक भागात तिची मराठी आणि कन्नड मुलांसाठी आवृत्ती सिद्ध केली. त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. अशा कामात नुसते भाषांतर करून भागत नाही. प्रश्न आपल्या मुलांना घालून पाहायचा, कोणत्या वयाची किती मुले तो सोडवतात ते मोजायचे आणि मग त्याची जागा ठरवायची. चाचणी 'प्रमाणित' करणे म्हणतात ते हेच. छापील कागद सर्वांना एकाच वेळी वाटला म्हणून चाचणी प्रमाणित होत नाही, हे आपल्याकडे पुष्कळदा विसरले जाते.

यापुढची घटना घाटकोपरच्या जवळची आहे. १९७४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. आज ते मानखुर्दला आहे, पण सुरुवातीची अनेक वर्षे त्याचे बिऱ्हाड नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत होते. त्यामुळे महापालिकेच्या शाळांत मुले विज्ञानात मागे का पडतात, हा प्रश्न संशोधकांच्या अगदी दारातच होता. केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. गंभीर यांनी एक साधी शंका घेतली: मुलांना विज्ञान कळत नाही, की विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा कळत नाही? आशय तोच ठेवून भाषा सोपी केली तेव्हा मुलांची विज्ञानातली कामगिरी सुधारली. भाषेच्या अडसराविषयीचा त्यांचा निबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या निष्कर्षाचे महत्त्व नीट समजावे म्हणून आमचेच एक उदाहरण देतो. "बाष्पीभवनाचा वेग कोणकोणत्या घटकांवर अवलंबून असतो?" हा प्रश्न भटवाडीतल्या सातवीच्या मुलीला विचारा. ती गप्प बसेल. आता विचारा, "ओले कपडे कधी लवकर वाळतात?" जुलै महिन्यात दहा बाय बाराच्या खोलीत दोरीवर कपडे वाळत घालणारी ती मुलगी ऊन, वारा, दमट हवा, कपडा पसरून टाकणे हे सगळे घटक घडाघडा सांगेल. पहिल्या प्रश्नाला तिला शून्य मिळाले ते कशाचे? पदार्थविज्ञानाचे नक्कीच नव्हे. अर्थात हे दोन प्रश्न तंतोतंत एक नाहीत, आणि 'बाष्पीभवन' हा शब्द तिला कधीतरी यायलाच हवा; तो शिकवणे हे आपलेच काम आहे. पण तो शब्द येत नाही म्हणून ती विज्ञानात कच्ची, असे गुणपत्रिकेवर लिहिणे हे चुकीचे मापन झाले. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत 'सप्रमाणता' म्हणतात ती हीच: जे मोजायचे तेच मोजले गेले का?

१९८० च्या दशकात याच केंद्राने महापालिका शाळांतली अनुसूचित जातींची मुले निवडून त्यांना शाळेबाहेर नेटाने मार्गदर्शन दिले. शालान्त परीक्षेत त्या मुलांनी केलेली प्रगती पाहता, मुलांत कुवतच नाही हा सोयीचा समज टिकत नाही.

मग २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमाची पाहणी मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिका शाळांत झाली. तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी रोज दोन तास वेगळे बसवून शिकवी. कोणत्या वर्गाला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगाने ठरवले, त्यामुळे तुलना रास्त झाली. चाचणीतला फरक पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतका भरला, आणि सर्वांत मागे असलेल्यांना जास्त लाभ झाला. उपक्रम संपल्यावर वर्षभराने मात्र त्यातला बराचसा ओसरला होता. त्या संशोधकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता पुन्हा मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या त्या प्रश्नाकडे येऊ. समजा वर्गात ३० मुले आहेत आणि प्रत्येकाची ठरावीक पातळी गाठण्याची शक्यता ६० टक्के आहे. सरासरीने १८ मुले ती गाठतील. पण शिक्षक तोच, शिकवणे तेच, मुलेही साधारण तशीच असली तरी दरवर्षी १८ येणार नाहीत. गणित केले तर दिसते की साधारण तीन वर्षांतून एकदा हा आकडा १५ किंवा त्याहून कमी, नाहीतर २१ किंवा त्याहून जास्त येईल. म्हणजे कधी ५० टक्के, कधी ७० टक्के, आणि कारण काहीच नाही! एका मुलाला गोवर आला तरी सव्वातीन टक्के हलतात. ३०० मुलांच्या गटात हीच चढउतार बरीच आटोक्यात येते. तिथे दहा टक्क्यांची घसरण झाली तर जरूर काळजी करावी.

याच कारणाने राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण नमुना घेऊन केले जाते. २०१७ साली तिसरी, पाचवी आणि आठवीची, आणि डिसेंबर २०२४ मध्ये 'परख'च्या नावाने तिसरी, सहावी आणि नववीची चाचणी झाली. त्यातून निघतो तो जिल्ह्याचा आकडा. घाटकोपरची शाळा मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडते. त्या आकड्यात वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि मुलुंडपर्यंत सगळे आले. त्यावरून एन विभागातल्या एका शाळेच्या सातवी 'ब'च्या वर्गाला शाबासकी देणे किंवा झापणे, दोन्हीला आधार नाही. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आणि तिच्यात अनुत्तीर्ण होण्याची शक्यताही परत आली, त्यामुळे हा हिशेब शिक्षकांना येणे आता अधिकच गरजेचे झाले आहे.

वाचक शिक्षकांना एक प्रयोग सुचवावासा वाटतो. पुढच्या घटक चाचणीआधी विज्ञानाचे पाच प्रश्न निवडा. प्रत्येक प्रश्न दोन प्रकारे लिहा, एकदा पुस्तकी भाषेत आणि एकदा मुलांच्या रोजच्या बोलीत. नाणे उडवून ठरवा की कोणत्या मुलाला कोणता कागद द्यायचा. हुशार-मठ्ठ असे वाटप करू नका. वर्ग लहान असेल तर शेजारच्या तुकड्याही घ्या. उत्तरे तपासताना कागद कोणता आहे हे झाकून ठेवा, आणि चुकलेल्या प्रत्येक मुलाला नंतर जवळ बोलावून तोच प्रश्न तोंडी विचारा. किती मुले तोंडी बरोबर सांगतात ते मोजून आम्हाला जरूर कळवा.