स्तनतपासणी

स्तनातील गाठ किंवा अन्य दोष वेळीच ओळखण्यासाठी केलेली तपासणी आणि चाचण्या. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते नुसत्या हाताला कळत नाही. म्हणून गाठ दुखत नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

या विषयातला मोठा दाखला मुंबईचा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्याजणींची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, केवळ हाताने केली. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी लहान लहान वर्तुळे काढत गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत चाचपायचे, त्वचेला खळी पडली आहे का, बोंडातून रक्त येते का, तेही पाहायचे. 2021 मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र अशी घट दिसली नाही. तपासणीचे यंत्र परवडत नाही तिथे हाताने केलेली ही तपासणी मोलाची गोष्ट आहे.

शंका आल्यास पुढची पायरी मॅमोग्राफी. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबून क्ष-किरण चित्र घेतात, थोडे दुखते. तरुण वयात स्तन घट्ट असल्याने सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. अंतिम निदान सुईने काढलेल्या तुकड्याच्या बायॉप्सीवरच होते.

मुंबईबाहेर, तमिळनाडूत डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने 1954 मध्ये चेन्नईच्या अड्यारला कर्करोग संस्था उभी राहिली.