मूल कोणाच्या स्वाधीन करावें ?

आपलें दोन-तीन वर्षांचें मूल दिवसांतील कांहीं तास परक्याच्या स्वाधीन करून आईनें कामावर जावें, ही गोष्ट आज नाशिकसारख्या शहरांत कोणास नवी वाटत नाहीं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, कचेऱ्यांत, रुग्णालयांत आणि शाळांत नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या घरीं सकाळची पाळणाघराची किंवा बालवाडीची घाई ठरलेलीच. परंतु जेथें आपण मूल ठेवतों तें ठिकाण चांगलें कीं वाईट, हें ओळखावयाचें कशावरून ? हा प्रश्न जुना आहे. त्याला गेल्या शंभर वर्षांत आपल्याकडे निरनिराळीं उत्तरें मिळालीं, त्यांचा हा थोडक्यांत मागोवा.

पहिलें उत्तर फार करुण आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोंकणांतून व घाटावरून आलेल्या बायका हजारोंनीं काम करीत. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई सरकारच्या वतीनें डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरनें त्यांच्या बाळंतपणाची आणि मुलांची पाहणी केली. तींत असें दिसून आलें कीं, या बायकांच्या जवळजवळ सर्वच तान्ह्या मुलांना अफू चारण्यांत येत होती. बाजारांत ती 'बाळागोळी' या गोंडस नांवानें मिळे. मूल चाळींतल्या म्हाताऱ्या शेजारणीच्या किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवालीं करावयाचें, तर तें दिवसभर निजून राहिलें पाहिजे. त्या आईला माया कमी होती असें कोण म्हणेल ? पण गिरणीचा भोंगा कोणासाठीं थांबत नसे. अशा आईच्या लेखीं उत्तम निगा म्हणजे गप्प मूल. अफूचें नांव ऐकून आपण आज शहारतों. तथापि जेथें मुलें हूं कीं चूं न करितां बसलेलीं दिसतात तेंच ठिकाण चांगलें, असें समजणारे आईबाप आजहि थोडेथोडके नाहींत.

या दुःस्थितीवर पुढें कायद्याचा उपाय सुचला. १९३१ सालीं मजूरविषयक शाही कमिशननें कारखान्यांत शिशुगृहें असावींत अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यानें ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठीं पाळणाघर सक्तीचें झालें; १९७६ मध्यें ही मर्यादा ३० वर आणण्यांत आली. कायद्यानें उजेड मागितला, हवा मागितली, स्वच्छता मागितली, आणि बालसंगोपनाचें शिक्षण घेतलेल्या बायकांची देखरेखहि मागितली. ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु इन्स्पेक्टर खोली मोजूं शकतो. आईनें पाठ फिरविल्यावर त्या खोलींत मुलाशीं कोण कसें बोलतें, हें त्याच्या वहींत उतरत नाहीं.

त्यासाठीं आईबापांचीच नजर लागते. रोम शहरांतील सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तींत आईबाप कामावर गेल्यावर मुलें जिने आणि भिंती खराब करितात, ही चाळींच्या मालकांची तक्रार होती. म्हणून १९०७ सालीं तेथें मुलांसाठीं एक खोली काढून ती डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे सोंपविण्यांत आली. भिंती वांचविण्यासाठीं निघालेली ही खोली पुढें जगाची शाळा झाली. तेथील शिक्षिका त्याच इमारतींत राहत असे, आणि आईनें आठवड्यांतून निदान एकदां तिला भेटलेंच पाहिजे असा नियम होता.

हा विचार आपल्याकडे आणण्यांत एका बापाची विवंचना कारण झाली. गिजुभाई बधेका हे व्यवसायानें वकील. स्वतःच्या मुलाचें शिक्षण कसें व्हावें या काळजींतून ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० सालीं भावनगरला त्यांनीं बालमंदिर काढलें. १९२३ मध्यें ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. आणि १९३६ मध्यें ताराबाईंनीं दादरला शिशुविहार सुरूं केला. येथें आईबापांचें दुसरें उत्तर पुढें येतें. सुशिक्षित घरांतील पालक मूल गप्प आहे कीं नाहीं हें विचारीत नाहीं, तो विचारतो, "मुळाक्षरें केव्हां येणार?" पैसे भरणाऱ्यानें हिशेब मागावा हें वरवर पाहतां रास्तच आहे. पण तीन वर्षांचें मूल स्वतः बटण लावतें, सांडलेलें पाणी पुसतें, दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबतें, हा नफा पाटीवर लिहून दाखवितां येत नाहीं. बालमंदिरांना मुलांच्या बरोबरीनें पालकांनाहि शिकवावें लागलें तें यामुळेंच.

तिसरें उत्तर मात्र न बोलतां मिळालें, आणि माझ्या मतें तेंच सर्वांत मोलाचें आहे. १९४५ सालीं ताराबाई ठाणें जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या पालघर जिल्ह्यांतील, बोर्डीस गेल्या. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षीं लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य अशा स्थितींतून शिकून अनुताई शिक्षिका झालेल्या. त्यांच्या नोकरीचीं पहिलीं वर्षें आपल्या नाशिक जिल्ह्यांतील खेड्यांत गेलेलीं. बोर्डीला बालवाडी निघाली, पण दलित वस्तींतील मुलें येईनात. आईबाप अडाणी आहेत, त्यांना कदर नाहीं, असें म्हणून हात झटकणें सोपें होतें. या दोघींनीं तसें केलें नाहीं. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, असें त्यांनीं ठरविलें आणि 'अंगणवाडी' जन्मास आली. महागडीं साधनें परवडणारीं नव्हतीं. खडे, शिंपले, बिया आणि पानें हींच साधनें झालीं.

पुढें त्यांचें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. नाशिकचें हं. प्रा. ठा. महाविद्यालय चालविणाऱ्या गोखले एज्युकेशन सोसायटीची तेथें शेतकी संस्था होती. तेथील वारली मुलें गुरें राखीत, आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरत. तेव्हां गुरांमागें जाणारी 'कुरणशाळा' निघाली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणून 'विकासवाडी' उभी केली. मुलगी कडेवरचें भावंड पाळण्यांत ठेवी आणि शेजारच्या वर्गांत जाऊन बसे. एकाच्या संगोपनानें दुसरीचें शिक्षण मोकळें झालें. हें कोणत्याहि पालकानें अर्ज करून मागितलें नव्हतें. त्यांची गैरहजेरी हेंच त्यांचें मत होतें, आणि तें वाचणारीं माणसें तेथें होतीं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरूं केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव मिळालें आणि तें देशभर गेलें. मात्र सेविकेला जें मिळालें त्यास वेतन न म्हणतां मानधन म्हटलें गेलें. जिच्या मांडीवर मूल द्यावयाचें तिचीच निगा कोणी राखीत नसेल, तर मुलाची निगा ती कोणत्या बळावर राखणार ?

तेव्हां नाशिकच्या आईबापांनीं पाळणाघर पाहावयास जावें तें न कळवितां, भर दुपारीं जावें. भिंतीवरील चित्रांपेक्षां सांभाळणाऱ्या बाईचा चेहरा पाहावा. एकीच्या अंगावर मुलें किती, तिला पगार किती, ती येथें किती वर्षें टिकली, हें संकोच न करितां विचारावें. मूल घरीं आल्यावर त्यास "काय शिकलास ?" असें विचारण्याऐवजीं तें बोलतें कीं बुजतें हें पाहावें. आणि चालकांस एक प्रश्न अवश्य करावा : एखादें मूल चार दिवस आलें नाहीं, तर त्याच्या घरीं चौकशीस कोण जातें ? या प्रश्नाला जेथें माणसाचें नांव सांगून उत्तर मिळेल, तेथें मूल ठेवण्यास हरकत नाहीं.